मुलांना संविधानाचा मूळ मजकूर मराठीत मिळू द्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

संविधान दिन जवळ आला की शाळांमध्ये भाषणांची तयारी सुरू होते आणि मुले घरच्या मोबाईलवर 'संविधान दिन मराठी भाषण' असे टाकून शोधतात. पहिल्या दोन-तीन ठिकाणी जे सापडेल ते वहीत उतरते. मी मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत सातवी ते दहावीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसले की चार-पाच मुले होईपर्यंत पुढचे वाक्य कोणते येणार हे मला कळू लागते. यात मुलांचा दोष नाही, त्यांना जे मिळाले ते त्यांनी घेतले. त्यांना याहून चांगले सहज मिळेल अशी सोय आपण मोठ्यांनी केलेली नाही. ती करणे फार अवघड नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

'नेटवर सगळं आहे, शोधलं की झालं,' असे सर्रास म्हटले जाते. संविधानाबद्दल नेटवर भरपूर आहे, हे खरेच. पण मराठीत जे आहे त्यातला मोठा भाग स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी बनवलेला आहे. कोणत्या देशाकडून काय घेतले याचा तक्ता, कलमे लक्षात ठेवण्याच्या क्लृप्त्या, एका दमात म्हणून दाखवलेल्या घटनादुरुस्त्या. परीक्षेला बसणाऱ्या पंचविशीतल्या तरुणाला त्याचा उपयोग होतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मात्र त्यातून संविधान म्हणजे पाठ करायची लांबलचक यादी एवढेच कळते. शिवाय या व्हिडिओंचे आपापसातही पटत नाही. एक सांगतो कलमे ३९५, दुसरा सांगतो ४४८, तिसरा त्याहून जास्त. मुले गोंधळतात आणि मग जो सर्वांत ठासून बोलतो त्याचे खरे मानतात. खरी गोष्ट साधी आहे. मूळ संविधानात ३९५ कलमे आणि ८ अनुसूची होत्या. पुढे आलेल्या कलमांना २१क, ५१क, ३००क असे क्रमांक देऊन मधे मधे बसवले गेले, काही कलमे वगळली गेली. म्हणून मोजणी कशी करता त्यावर आकडा बदलतो, पण शेवटच्या कलमाचा क्रमांक आजही ३९५ आहे. एवढे सांगितले की आकड्यांचा वाद मिटतो आणि संविधान काळानुसार बदलत आले आहे हेही मुलांना आपोआप समजते.

आकड्यांच्या घोळाने फारसे नुकसान होत नाही. काही चुकीच्या माहितीने मात्र वर्गातली माणसे दुखावतात. दहावीच्या पुस्तकातला 'संविधानाची वाटचाल' हा पाठ चालू असताना एका मुलाने विचारले, "मॅडम, आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी होतं ना? व्हिडिओत दाखवलंय." काही मुलांनी माना डोलावल्या, काही एकदम गप्प झाली. कोण गप्प झाले हे माझ्या लक्षात आले, आणि वर्गात बसलेल्या प्रत्येकाच्याही लक्षात आले असणार. मी उत्तर दिले नाही. प्रोजेक्टरवर संविधानाची प्रत उघडली, कलम ३३४ काढले आणि ज्याने प्रश्न विचारला होता त्यालाच ते मोठ्याने वाचायला सांगितले. ते कलम लोकसभा आणि विधानसभांमधल्या राखीव जागांबद्दल आहे. दहा वर्षांची मुदत होती ती त्या जागांना. ती दर दहा वर्षांनी वाढवत नेली गेली आणि १०४ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत ती संविधान लागू झाल्यापासून ८० वर्षे, म्हणजे जानेवारी २०३० पर्यंत आणली. मग आम्ही कलम १६ चा चौथा खंड काढला, तो सरकारी नोकऱ्यांबद्दल. त्यानंतर कलम १५ चा चौथा खंड, जो १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला आणि ज्याच्या आधारे शिक्षणातले आरक्षण उभे आहे. दोन्हीकडे मुदतीचा उल्लेख कुठे दिसतो का, ते मुलांनी ओळ न् ओळ तपासले. नाही दिसला. वाचणारा मुलगा थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग त्यानं हे वाचलंच नव्हतं का?"

आरक्षण असावे की नसावे, किती असावे, यावर त्या वर्गात मी मत दिले नाही. त्यावर वाद होऊ शकतो, लोकशाहीत तो व्हायलाही हवा. पण कलमात काय लिहिले आहे हा मतांचा विषय नाही, ते उघडून बघता येते. मुले भांडणार असतील तर कलम समोर ठेवून भांडू देत, एवढेच मला त्यांना शिकवायचे होते. व्हॉट्सअॅपवर फिरणारा दुसरा निरोप असा की कलम '३०-अ' मुळे शाळेत गीता-रामायण शिकवायला बंदी आहे. असे कलम संविधानात नाहीच. कलम ३० मध्ये 'खंड १क' आहे, तो ४४ व्या घटनादुरुस्तीने आला आणि अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थांची मालमत्ता सक्तीने संपादित केली तर द्यायच्या भरपाईबद्दल आहे. धार्मिक शिक्षणाचा विषय कलम २८ मध्ये येतो आणि तिथला नियम सर्व धर्मांना सारखाच आहे. हे शोधायला माझ्या नववीच्या मुलींना फार वेळ लागला नाही, कारण प्रत त्यांच्या हातात होती.

आता ती प्रत मिळते कुठे, हा प्रश्न. केंद्रीय विधी मंत्रालयाच्या विधायी विभागाच्या संकेतस्थळावर संविधानाचा अधिकृत मजकूर आहे, इंग्रजी-हिंदीसोबत मराठीसह इतर भारतीय भाषांतही. शिक्षकाने सुरुवात इथूनच करावी. परंतु मराठी प्रतींचा माझा अनुभव फारसा चांगला नाही. सरकारी ठिकाणांहून उतरवून घेतलेली एक प्रत कागद स्कॅन करून बनवलेली निघाली. त्यात शब्द शोधता येत नाही, नुसती पाने उलटायची. दुसरी कुठल्यातरी जुन्या फॉन्टमध्ये होती. शोधाच्या चौकटीत 'अस्पृश्यता' असे टाकले तर एकही निकाल आला नाही, आणि कलम १७ तर पडद्यावर डोळ्यांसमोर दिसत होते. मोबाईलवर शोधून वाचायची सवय लागलेल्या मुलाला अशी फाईल देणे म्हणजे न दिल्यासारखेच आहे. पाच मिनिटांत तो ती बंद करतो आणि व्हिडिओकडे वळतो.

प्रत जुनी आहे का, हेही बघावे लागते. त्यासाठी मी दोन-तीन जागा ठरवून ठेवल्या आहेत, इतर शिक्षकांनाही त्या उपयोगी पडतील. कलम १५ मध्ये सहावा खंड आहे का, ते बघायचे. तो २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आला, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी. पहिल्या अनुसूचीत जम्मू-काश्मीर राज्यांच्या यादीत आहे की केंद्रशासित प्रदेशांच्या, ते बघायचे. आणि कलम ३३४ मध्ये किती वर्षे लिहिली आहेत ते बघायचे. यात प्रत मागे पडलेली दिसली तरी ती टाकून देऊ नये. जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवली की काय बदलले हे मुले स्वतः शोधतात, आणि घटनादुरुस्ती हा एरवी रुक्ष वाटणारा पाठ त्यांना आवडू लागतो.

उद्देशिकेच्या बाबतीत आमच्याकडे असेच झाले. भित्तिपत्रकासाठी मुलींनी नेटवरून उद्देशिकेचे ते सुंदर हस्तलिखित पान आणले आणि पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेल्या उद्देशिकेशी ताडून पाहिले. जुळेना. हस्तलिखितात 'समाजवादी' नाही, 'धर्मनिरपेक्ष' नाही, 'एकात्मता'ही नाही. एकीने ठामपणे सांगितले की नेटवरचे चित्र बनावट आहे. दुसरीचे म्हणणे, पुस्तकात चूक आहे. चित्र आणि पुस्तक दोन्ही बरोबर आहेत. हे तीन शब्द १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आले. मग एकीने विचारले, "शब्द नंतर घातले तर खाली तारीख २६ नोव्हेंबर १९४९ च कशी?" हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी या शब्दांना आव्हान देणाऱ्या याचिका फेटाळल्या. आणि त्याही मागे जायचे तर के. टी. शहा यांनी १५ नोव्हेंबर १९४८ रोजी 'धर्मनिरपेक्ष, संघराज्यीय, समाजवादी' हे शब्द पहिल्याच कलमात घालण्याची दुरुस्ती संविधान सभेत मांडली होती. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे लोकांनी काळानुसार ठरवावे, ते आज संविधानात बांधून टाकू नये, असे म्हणून डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. आणि मार्गदर्शक तत्त्वांत त्या दिशेच्या तरतुदी आधीच आहेत, हेही त्यांनी दाखवून दिले. सातवी-आठवीच्या मुलींना हे सगळे समजले का? समजले. कारण प्रश्न त्यांचाच होता.

हस्तलिखित प्रतीचा विषय निघालाच आहे तर सांगते, ती प्रत मुलांना जरूर दाखवावी. प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी ती सुलेखनात लिहिली, आणि नंदलाल बोस व त्यांच्या शांतिनिकेतनमधल्या सहकाऱ्यांनी सजवली. तिच्या छापील आवृत्तीची सगळी पाने अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'च्या संकेतस्थळावर मोफत बघता येतात. माझी मुले शिवाजी महाराजांचे चित्र शोधत पाने उलटतात. ते सापडते निवडणुकांच्या पंधराव्या भागाशी, गुरू गोविंदसिंगांसोबत. पुढच्याच भागाशी राणी लक्ष्मीबाई आणि टिपू सुलतान एकाच पानावर. शेवटी सह्यांची पाने आहेत. २४ जानेवारी १९५० रोजी सभासदांनी त्या केल्या. वेगवेगळ्या लिप्यांतल्या त्या सह्या ओळखण्यात मुलांचा अख्खा तास जातो, आणि तो मी जाऊ देते.

मात्र नेटवर उपलब्ध असलेली सर्वांत मोलाची गोष्ट मला विचाराल तर ती म्हणजे संविधान सभेतल्या चर्चा. ९ डिसेंबर १९४६ ला सभा पहिल्यांदा भरली तेव्हापासूनचे शब्दशः इतिवृत्त. (दोन वर्षे, अकरा महिने आणि सतरा दिवस की अठरा, यावरही वर्गात भांडण होते. पहिला दिवस धरला तर अठरा, नाही धरला तर सतरा. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सतरा म्हटले आहे.) हे इतिवृत्त संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहे. बंगळुरूच्या 'सेंटर फॉर लॉ अँड पॉलिसी रिसर्च' या संस्थेने तर संविधान आणि सभेतल्या चर्चा एकाच संकेतस्थळावर आणल्या आहेत. एखादे कलम उघडले की त्यावर सभेत कोणत्या दिवशी कोण काय बोलले इथपर्यंत जाता येते. नव्या शिक्षकाला इथे एक अडचण हमखास येते, तीही सांगून ठेवते. मसुद्यातले क्रमांक आणि अंतिम क्रमांक वेगळे आहेत. आजचे कलम १७ मसुद्यात ११ होते, आजचे ३२ तेव्हा २५ होते. १७ व्या कलमावरची चर्चा शोधायला जाल आणि भलत्याच विषयाचे भाषण समोर येईल. हे ठाऊक नसले की शिक्षक कंटाळून नाद सोडतो. त्या संकेतस्थळावर दोन्ही क्रमांक दिलेले आहेत.

या चर्चांतून वर्गात काय नेता येते, याचे एकच उदाहरण जरा सविस्तर देते. चौदा वर्षांपर्यंत मोफत आणि सक्तीचे शिक्षण, हे आपण सगळेच शिकवतो. पण चौदाच का? माझ्या वर्गातली मुले त्याच वयाच्या आगेमागे असतात, त्यामुळे हा प्रश्न त्यांना अगदी आपला वाटतो. मसुद्याचे कलम ३६ चर्चेला आले २३ नोव्हेंबर १९४८ रोजी. ही हमी प्राथमिक शिक्षणापुरतीच ठेवावी, अशी सूचना सभेत आली. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. त्यांनी मसुद्याच्या अठराव्या कलमाकडे बोट दाखवले, म्हणजे आजचे २४, ज्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवायला बंदी आहे. मुलाला कामावर ठेवायचे नाही असे एकदा ठरवले तर त्या वयापर्यंत ते शाळेतच असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. मी हे दोन्ही मजकूर मराठीत करून एका पानावर छापते आणि मुलांना वाचायला देते. मग फळ्यावर एक रेघ ओढते. १९५० मध्ये हे मार्गदर्शक तत्त्व होते, दहा वर्षांत गाठायचे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ते कलम २१क म्हणून मूलभूत हक्क झाले. आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आले. दहा वर्षांचे काम साठ वर्षांवर का गेले, हा प्रश्न मला कधी विचारावा लागत नाही. मुलेच विचारतात. ज्यांच्या घरी आईला किंवा मोठ्या बहिणीला मधेच शाळा सोडावी लागली, ती मुले त्या तासाला जे बोलतात ते कुठल्या गाईडमध्ये नाही.

बाबासाहेबांची सभेतली भाषणे वाचायची तर महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी खंडांतला तेरावा खंड आहे. हे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. ९ डिसेंबर १९४८ रोजी कलम ३२ वर बोलताना, ज्याच्याविना हे संविधान निरर्थक ठरेल असे कलम कोणते असे मला विचारले तर मी याच कलमाचे नाव घेईन, ते संविधानाचा आत्मा आणि हृदय आहे, अशा आशयाचे ते म्हणाले. हे वाक्य भाषणात सगळी मुले म्हणतात. ते कलम आहे तरी काय, ते मात्र फार थोड्यांनी वाचलेले असते. हक्क हिरावला गेला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते, हे सांगणारे ते कलम आहे. हक्कासाठी न्यायालयात जाता येते, हे एखादे खरे प्रकरण सांगितल्याशिवाय मुलांना पटत नाही. मी केरळमधल्या तीन भावंडांचे सांगते. १९८५ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढून टाकले गेले. ती थेट सर्वोच्च न्यायालयात गेली नव्हती, केरळ उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही म्हणून अपील केले, आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, कलम १९ आणि २५ चा आधार घेऊन. निकाल नेटवर आहे, लांब नाही, आणि त्यातली माणसे आपल्या मुलांच्याच वयाची आहेत. वर्गात सगळ्यांना तो पटतो असे नाही. काही मुले रागावतात, वाद घालतात. घालू देत.

श्याम बेनेगल यांची २०१४ मध्ये राज्यसभा टीव्हीवर आलेली 'संविधान' ही दहा भागांची मालिकाही यूट्यूबवर आहे. डॉ. आंबेडकरांच्या भूमिकेत सचिन खेडेकर आहेत, त्यामुळे आमच्या मुलांना ती लगेच जवळची वाटते. संपूर्ण भाग दाखवायला तास पुरत नाही, म्हणून मी दहा-बारा मिनिटांचा तुकडा दाखवते आणि त्याच दिवसाचे इतिवृत्त हातात देते. पडद्यावरचे संवाद आणि प्रत्यक्ष भाषण यांत काय वगळले, काय जोडले, ते मुलांनी शोधायचे.

एवढे सगळे आहे, मग अडचण कुठे? मालिका हिंदीत आहे, इतिवृत्त इंग्रजी-हिंदीत, संस्थेचे उत्तम संकेतस्थळ इंग्रजीत. मी जे मराठीत करून घेते ते रात्री घरी बसून. मोबाईलवर आपोआप होणारे भाषांतर सभागृहाच्या कामकाजाच्या भाषेत इतके घसरते की ते तसेच मुलांच्या हाती देता येत नाही, प्रत्येक ओळ तपासावी लागते. माझ्यासारख्या अनेक शिक्षिका-शिक्षक आपापल्या घरी हेच काम करत असणार. एकाच भाषणाची कितीतरी मराठी रूपे वेगवेगळ्या कपाटांत पडून असतील. हे काम एकदाच, नीट, जाणकारांच्या नजरेखालून का होऊ नये?

राज्य सरकारकडे माझे मागणे मोठे नाही. संविधानाचा अद्ययावत मराठी मजकूर युनिकोडमध्ये, मोबाईलवर शोधता येईल असा, प्रत्येक कलमाला स्वतंत्र पान देऊन उपलब्ध करावा. प्रत्येक पानावर ते कलम कोणत्या वर्षी आणि कोणत्या दुरुस्तीने बदलले हे लिहावे. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड असतातच. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात जिथे एखाद्या कलमाचा उल्लेख येतो तिथला कोड थेट त्या कलमावर न्यावा, म्हणजे मूल व्हिडिओआधी मजकुरापाशी पोहोचेल. आणि संविधान सभेतल्या निवडक चर्चांचे मराठी भाषांतर करून घ्यावे. सगळे खंड नकोत. शालेय अभ्यासक्रमात येणाऱ्या वीस-पंचवीस कलमांवरच्या चर्चा झाल्या तरी पुरे. बाबासाहेबांचे समग्र लेखन १९७९ पासून खंडशः प्रसिद्ध करणाऱ्या राज्याला हे न झेपण्यासारखे नाही. भाषांतरासाठी विद्यापीठांचे मराठी, राज्यशास्त्र आणि विधी विभाग आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत निवृत्त न्यायाधीश आणि शिक्षक आहेत. बोलावले तर येतील.

मूळ मजकूर मुलांना जड जाईल, असे काही सहकारी म्हणतात. कलम १९ चे सगळे खंड सातवीला वाचायला दिले तर जातीलच, मी ते देत नाही. पण कलम १७ अवघे दोन वाक्यांचे आहे. अस्पृश्यता नष्ट केली आहे, तिचे कोणत्याही स्वरूपातले आचरण निषिद्ध आहे आणि तिच्यापायी कुणावर कसलीही बंधने लादणे हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. कलम २४ एकाच वाक्याचे. ५१क मधली कर्तव्ये मुले पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर रोज बघतात. उद्देशिका तर परिपाठात म्हणतातच. इतके जड शब्द तोंडपाठ करणाऱ्या मुलांना त्यांचा अर्थ लावायची संधी मिळाली तर ती मागे हटत नाहीत, असे मी वर्षानुवर्षे बघत आले आहे. घाई असते ती आपल्याला, अभ्यासक्रम संपवायची. नागरिकशास्त्राचे गुण कमी, तास कमी, आणि परीक्षा जवळ आली की तेही इतिहासाला जातात. हे बदलल्याशिवाय नुसत्या साहित्याने फार काही होणार नाही, याची मला कल्पना आहे. पण साहित्यच नसेल तर ज्याला मनापासून शिकवायचे आहे त्याचेही हात बांधलेले राहतात.

शेवटी एक विनंती आपल्यालाच. आपल्या वृत्तपत्रात विद्यार्थ्यांसाठी मजकूर येतो, शाळेत तो आम्ही कापून फलकावर लावतो. त्यात आठवड्यातून एकदा संविधान सभेतल्या एखाद्या चर्चेचा उतारा सोप्या मराठीत द्यावा, सोबत तारीख आणि आजच्या कलमाचा क्रमांक. जाहिरातीच्या एका चौकटीएवढी जागा पुरेल. माझ्याकडे तयार असलेली पाने मी आनंदाने पाठवीन, आपल्या संपादकांनी ती तपासून घ्यावीत.

सुरुवात १७ ऑक्टोबर १९४९ च्या बैठकीपासून करावी, असे सुचवते. त्या दिवशी मध्य प्रांत-वऱ्हाडचे सभासद ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' व्हावी अशी दुरुस्ती मांडली. पूर्णिमा बॅनर्जींनी देवावर मतदान करण्याची पाळी आमच्यावर आणू नका असे विनवले. हृदयनाथ कुंझरू म्हणाले की श्रद्धेचे स्वातंत्र्य देणाऱ्या उद्देशिकेतच एक श्रद्धा सर्वांवर लादली जाईल. कामत हटले नाहीत, त्यांनी मतविभाजन मागितले. बाजूने ४१, विरोधात ६८. वर्गात मी हा निकाल आधी सांगत नाही. दोन्ही बाजूंची भाषणे वाचून झाल्यावर मुलांकडून चिठ्ठ्यांवर मत घेते आणि मग सांगते. आपल्या वाचकांच्या घरीही तसे करून बघता येईल.

आपली,

इतिहास-नागरिकशास्त्राची एक शिक्षिका